शर्यत रक्तांत असते काय?

अष्टमींत अजून कांहीं घरांना ओट्या आहेत आणि संध्याकाळीं त्या ओट्यांवर चार माणसें जमतात, हें आम्ही गांवचें भाग्यच समजतों. गेल्या हिवाळ्यांत अशाच एका ओटीवर आम्ही बसलों होतों. आदल्या दिवशीं आमच्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती झाल्या होत्या, आणि त्या पाहून आलेली मंडळी वर्णनांत रंगून गेली होती. बोलतां बोलतां एका सोळा वर्षांच्या पोराची गोष्ट निघाली. वाळूंत चाक रुतून त्याची गाडी कलंडली, पोरगा फेंकला गेला, हांसळीचें हाड मोडलें आणि हात गळ्यांत बांधून तो घरीं आला. त्याचा आजा गाडीवान होता, बापहि गाडीवान. हें ऐकून एक सेवानिवृत्त गृहस्थ पानाला चुना लावीत म्हणाले, "त्यांत काय एवढें? पुढच्या वर्षीं पुन्हां गाडीवर बसेल. शर्यत त्यांच्या रक्तांतच आहे!" सर्वांनीं माना डोलावल्या आणि विषय संपला.

आम्हांस मात्र तो संपलासा वाटला नाहीं. मोडलें तें हाड, मग मध्येंच रक्त कोठून आलें, असें आम्हीं विचारतांच ते गृहस्थ हंसून म्हणाले, "अहो प्रोफेसर, हें आपल्याकडेंच आहे असें समजूं नका. माझा भाचा अमेरिकेंत असतो. तेथें मोटारींच्या शर्यतींत बाप, मुलगा, नातू असे पिढ्यान्‌पिढ्या धांवतात. त्या अर्नहार्टांच्या घराण्याचा इतिहास वाचा, म्हणजे रक्त काय करतें तें तुम्हांस कळेल." सल्ला प्रामाणिक होता, म्हणून आम्हीं तो मानला. अर्नहार्टांचा इतिहास आम्हीं वाचला. आणि या गृहस्थांच्या म्हणण्याच्या नेमकें उलट असें आमचें मत झालें. शर्यत रक्तांत नसते. ती रक्तांत असते असें म्हणणें हा नुसता गैरसमजहि नव्हे. जिच्यापायीं पोरांचीं हाडें मोडतात आणि कोणासहि जाब द्यावा लागत नाहीं, अशी ती एक सोय आहे. हें म्हणणें आम्हीं येथें मांडावयाचें ठरविलें आहे.

ज्या शर्यतींविषयीं हें बोलणें चाललें आहे त्यांची थोडी ओळख प्रथम करून दिली पाहिजे. 'स्टॉक कार' म्हणजे मुळांत दुकानांत विकावयास असलेली साधी मोटार. अमेरिकेच्या दक्षिणेकडील प्रांतांत अशाच मोटारींत फेरफार करून त्या धांवविण्याचा नाद लोकांस लागला, आणि १९४८ सालीं त्या नादास शिस्त लावण्यासाठीं 'नॅस्कार' ही संस्था निघाली. आज त्या गाड्यांचें दुकानांतील मोटारीशीं नांवापलीकडे फारसें नातें उरलेलें नाहीं. बहुतेक शर्यती अंडाकृति मार्गावर होतात, मार्गाच्या कडेला भिंत असते, आणि मोठ्या मार्गांवर वेग ताशीं तीनशें किलोमीटरांच्या घरांत जातो. अशा गाडीचा चालक डाव्या बाजूस वळत वळत शेंकडों फेऱ्या घेतो, आणि एका क्षणाची चूक झाली तर ती भिंत त्याची वाट पाहत असते.

अर्नहार्ट घराण्याचा मूळपुरुष राल्फ. उत्तर कॅरोलिना प्रांतांतील कॅनापोलिस हें कापडाच्या गिरणीवर जगणारें गांव. राल्फ त्याच गिरणींत कामास होता. गिरणी सोडून त्यानें गाड्या बांधण्याचा व धांवविण्याचा धंदा पत्करला आणि १९५६ सालीं आपल्या श्रेणींत तो राष्ट्रीय विजेता ठरला. १९७३ सालीं राहत्या जागीं आपल्या गाडीवर काम करीत असतांना हृदय बंद पडून तो वारला. त्याचा मुलगा डेल यानें नववींतच शाळा सोडली, आणि ती बापाच्या मनाविरुद्ध सोडली. रक्तवाद्यांनीं येथें क्षणभर थांबावें. शर्यत रक्तांतच असती, तर ज्याच्या रक्तांतून ती आली त्या बापानें पोराला शाळेंत ठेवण्याची खटपट कां केली असती? गिरणींतले दिवस आणि शर्यतीवरचा संसार हीं दोन्ही ज्यानें पाहिलीं होतीं, त्यास मुलाच्या हातीं आणखी एखादें साधन असावेंसें वाटत होतें. पुढें डेल सात वेळां सर्वश्रेष्ठ विजेता झाला, शहात्तर शर्यती जिंकला, अमाप पैसा व कीर्ति मिळवून बसला. पण आपल्या मुलांनीं शिक्षण पुरें करावें याविषयीं त्याचाहि आग्रह होताच.

आतां त्या मुलांकडे पाहूं. थोरला केरी, मधली केली आणि धाकटा डेल, म्हणजे ज्यास 'ज्युनियर' म्हणत तो. बाप एकच, आणि केली व धाकटा डेल यांची तर आईहि एकच. आजोळहि त्याच धंद्यांतलें; आईचे वडील रॉबर्ट गी हे गाड्यांचे सांगाडे बांधण्यांत नांवाजलेले कारागीर. रक्ताचीच गोष्ट असेल तर येथें ती दोन्हीं अंगांनीं पूर्ण आहे. तिघांनींहि तरुणपणीं गाड्या हांकल्या. तिघांत केली सरस होती अशी ग्वाही पुढें धाकट्या भावानेंच दिली. परंतु मोठ्या शर्यतींतील गाडी केलीच्या वांट्यास आली नाहीं. ती व्यवस्थापनांत गेली आणि भावाची संस्था तिनें नांवारूपास आणली. केरीस वरच्या श्रेणींत मोजक्याच शर्यती धांवावयास मिळाल्या आणि त्यांत यश आलें नाहीं. धाकटा डेल मात्र १९९८ व १९९९ अशीं लागोपाठ दोन वर्षें दुसऱ्या श्रेणीचा विजेता झाला, आणि वरच्या श्रेणींत त्यानें सव्वीस शर्यती जिंकल्या. डेटोना येथील पांचशें मैलांची मानाची शर्यत त्यानें २००४ आणि २०१४ अशी दोन वेळां जिंकली. पण बापानें सात वेळां मिळविलेलें वार्षिक विजेतेपद त्याला एकदांहि मिळालें नाहीं. तिन्ही भावंडांच्या अंगांत बापाचें रक्त एकच, आणि नशिबें तीन! मग फरक कशानें पडला? कोणास कोणती गाडी मिळाली, ती कोणीं बांधली, खर्च कोणीं दिला, वयाच्या कोणत्या वर्षीं संधि आली, आणि चालक मुलगा होता कीं मुलगी, यानें. धाकटा डेल बापाच्या मोटारविक्रीच्या दुकानांत गाड्यांचें तेल बदलण्याचें काम करीत होता. थोरल्या भावाशीं भागी करून घेतलेल्या जुन्या गाडीवर तो हांकावयास शिकला. आणि पुढें त्यास बापाच्याच कंपनीची कसलेली गाडी मिळाली. वारसा मिळाला तो कारखान्याचा, कारागिरांचा, ओळखींचा आणि नांवाचा. हा वारसा लहान नव्हे. परंतु तो शिरांतून वाहत येत नाहीं.

येथवर हा वाद नुसता तर्काचा होता. यापुढें तो जीविताचा होतो.

२००१ सालच्या फेब्रुवारीची १८ तारीख. डेटोनाची शर्यत शेवटच्या फेरींत होती. पुढें धांवणाऱ्या दोन गाड्या थोरल्या डेलच्या कंपनीच्याच होत्या, आणि त्यांपैकीं दुसरी त्याचा धाकटा मुलगा हांकीत होता. मागून येणारा बाप शेवटच्या वळणावर भिंतीवर आदळला. मुलगा दुसरा आला, बाप गेला. पाहणारांस ती धडक फारशी भयंकर वाटली नाहीं, कारण गाडीचे तुकडे झाले नाहींत कीं ती पेटली नाहीं. मृत्यूचें कारण होतें कवटीच्या तळाच्या हाडाचा भंग. धडधांकट पट्ट्यांनीं चालकाचें धड आसनास जखडलेलें असतें, पण डोकें मोकळें असतें. गाडी भिंतीवर थांबते, धड थांबतें, आणि शिरस्त्राणासह जड झालेलें डोकें मात्र त्याच वेगानें पुढें जाऊं पाहतें. तो सारा ताण जेथें मान कवटीस मिळते तेथें पडतो.

हें कोणास ठाऊक नव्हतें काय? चांगलें ठाऊक होतें. अमेरिकेंतील मिशिगन राज्याच्या विद्यापीठांत रॉबर्ट हबर्ड नांवाचे एक प्राध्यापक होते. शरीराच्या हालचालींचें यंत्रशास्त्र हा त्यांचा विषय. जिम डाउनिंग हे त्यांचे मेहुणे स्वतः शर्यतींत धांवत. १९८१ सालीं डाउनिंग यांचा एक स्नेही अशाच दुखापतीनें दगावला, तेव्हां या मेहुण्या-मेहुण्यांनीं डोकें लावून खांद्यांवर बसणारें एक जूं तयार केलें. तें पट्ट्यांनीं शिरस्त्राणास जोडलें म्हणजे डोकें धडाला सोडून पुढें जाऊं शकत नाहीं. १९९० नंतर लौकरच हें साधन विक्रीसहि आलें. म्हणजे डेल गेला तेव्हां त्याचा जीव कदाचित् वांचवूं शकणारी वस्तु बाजारांत येऊन सुमारें दहा वर्षें झालीं होतीं. ती थोड्या चालकांनीं घेतली, बहुतेकांनीं घेतली नाहीं. डेलला तर तिचा तिटकाराच होता. ती अंगाला जाचते, मान अडकते, अशी कुरकुर होती. आणि कुरकुरीच्या मुळाशीं एक समजूत होती. ज्याच्या रक्तांत शर्यत आहे त्यास असल्या कुबड्या कशास हव्यात?

त्या समजुतीची किंमत डेलच्या आधींच मोजली जाऊं लागली होती. पेटी हें त्याच प्रांतांतील याहूनहि जुनें घराणें. ली पेटी यानें १९५९ सालीं डेटोनाची पहिली पांचशें मैलांची शर्यत जिंकली. त्याचा मुलगा रिचर्ड दोनशें शर्यतींचा विजेता. इतक्या शर्यती आजवर दुसऱ्या कोणीं जिंकल्या नाहींत. रिचर्डचा मुलगा काइल, आणि काइलचा मुलगा ॲडम. २००० सालच्या एप्रिलच्या आरंभीं ॲडम वरच्या श्रेणींतील आपली पहिली शर्यत धांवला आणि चौथ्या पिढीचें कौतुक सर्वत्र झालें. तीन दिवसांनीं पणजोबा ली वारला. मे महिन्याच्या १२ तारखेस सरावाच्या वेळीं ॲडमची गाडी भिंतीवर गेली. त्याच्या कवटीचें तेंच हाड मोडलें. त्याचें वय एकोणीस वर्षांचें होतें. जुलैंत त्याच मार्गावर दुसरा एक चालक गेला, ऑक्टोबरांत दुसरीकडे तिसरा. तेव्हां हळहळ झाली, प्रार्थना झाल्या. पण सक्ति झाली नाहीं. घराण्यांतील सर्वांत थोर नांव भिंतीवर आदळल्यावर मात्र २००१ च्या ऑक्टोबरांत डोकें व मान जखडणारें साधन सक्तीचें झालें, आणि पुढच्या वर्षापासून भिंतींवर धक्का शोषून घेणारीं पोलादी आवरणें चढूं लागलीं. तेव्हांपासून आजवर त्या वरच्या श्रेणीच्या शर्यतींत एकहि चालक मेला नाहीं. चालकांचें रक्त बदललें नव्हतें. नियम बदलले होते. आमच्या ओटीवरील मित्रांस याहून सरळ पुरावा आम्हांस देतां येणार नाहीं.

'रक्तांत आहे' या दोन शब्दांत अपकार कोठें आहे तें आतां दिसेल. जें रक्तांत असतें तें शिकवावें लागत नाहीं, म्हणून शिक्षणाची जबाबदारी टळते. जें रक्तांत असतें तें टाळतां येत नाहीं, म्हणून अपघाताची जबाबदारी टळते. जें रक्तांत असतें तें नाकारणें म्हणजे बापाशीं बेइमानी, म्हणून सोळा वर्षांच्या पोरास 'मला भीति वाटते' असें म्हणण्याची सोय उरत नाहीं. शर्यत भरविणारा सुटला, बघे सुटले, बाप सुटला. अडकला तो एकटा पोरगा.

कोणी म्हणतील कीं, मग आपल्या गायनांतील घराण्यांचें काय? त्यांचा दाखला तर आमच्याच बाजूचा आहे. जयपूर घराण्याची गायकी अल्लादियाखांसाहेबांनीं केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांस दिली. या दोघी गोव्याच्या. खांसाहेबांशीं त्यांचें रक्ताचें नातें नव्हतें. घराणें चाललें तें तालमीवर, वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर. ज्या जुन्या लोकांनीं 'घराणें' हा शब्द वापरला, त्यांस तें विद्येचें घर वाटत होतें. आम्हीं त्याचें रक्त करून टाकलें!

आणि केवळ गाडीवानांच्या घरांवर हें लिहून आम्ही थांबलों तर तो अप्रामाणिकपणा होईल. वकिलाच्या मुलानें वकील व्हावें, डॉक्टरच्या मुलीनें डॉक्टरच व्हावें, हा हट्ट आम्हां पांढरपेशांच्या घरांत काय कमी आहे? कुंडलिकेच्या पलीकडे रोह्यांतच चिंतामणराव देशमुखांचें बालपण गेलें. वकिलाचा हा मुलगा वकील झाला नाहीं. १९४३ सालीं तो रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर झाला. आमचे लोक त्यांचें नांव अभिमानानें घेतात आणि त्याच तोंडानें मुलास म्हणतात, 'आपल्या घराण्यांत आजवर असें कोणीं केलें नाहीं.' हींच घरांतलीं मुलें शिरस्त्राण आरशाला अडकवून दुचाकीवरून कुंडलिकेच्या पुलावर भरधांव जातात, तेव्हां ओटीवरून कौतुकाचाच सूर निघतो. गरिबाच्या पोराचें रक्त आणि आमच्या पोराची हौस, एवढाच काय तो शब्दांचा फरक!

आतां बैलगाड्यांकडे येऊं. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ च्या मे महिन्यांत या शर्यतींस बंदी केली. २०१७ सालीं आपल्या राज्यानें कायदा दुरुस्त केला. तोहि न्यायालयांत अडकला. २०२१ च्या डिसेंबरांत अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें दुरुस्त कायदा वैध ठरविला. या नऊ वर्षांच्या वादांत बैलाचा कैवार घेणारे होते, आणि तो घेतला गेला हें योग्यच झालें. मुक्या जनावराची पिळवणूक आम्हांसहि नको. परंपरेचा कैवार घेणारेहि होते. मात्र गाडीवर बसणाऱ्या पोराच्या डोक्याचा कैवार घेतलेला आमच्या तरी कानांवर आला नाहीं. सुशिक्षितांचे येथें दोनच पक्ष दिसतात. एक म्हणतो, हा रानटीपणा समूळ बंद करा. दुसरा म्हणतो, हें आमचें रक्त आहे, हात लावाल तर खबरदार. पहिल्यास त्या पोराची ओळख नाहीं आणि दुसऱ्यास त्याची कदर नाहीं.

आम्ही बंदीच्या बाजूचे नाहीं. वर्षभर शेतांत आणि बंदरावर राबणाऱ्यांच्या आनंदावर खुर्चींत बसून बोळा फिरविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आमचें मागणें इतकेंच कीं, जें अमेरिकेनें प्रेतें मोजून शिकलें तें आपण हाडें मोजूनच शिकावें. अठरा वर्षांच्या आंतील मुलास शर्यतीच्या गाडीवर बसवूं नये. गाडीवानाच्या डोक्यावर शिरस्त्राण असल्यावांचून गाडी रेषेवर येऊं देऊं नये. बघ्यांची गर्दी आणि धांवेची वाट यांच्यामध्यें भक्कम कठडा असावा. डॉक्टर आणि रुग्णवाहिका किनाऱ्यावर उभी असल्यावांचून पहिला झेंडा पडूं नये. आणि प्रत्येक अपघाताची लेखी नोंद ठेवून ती सर्वांस पाहावयास मिळावी. कारण जें लिहिलें जात नाहीं तें दैवाच्या किंवा रक्ताच्या खातीं सहज जमा होतें. यानें शर्यतीची मजा जाईल असें ज्यांस वाटतें, त्यांनीं मजा कोणाच्या मानेवर चालली आहे याचा एकदां हिशेब करावा.

शेवटीं पुन्हां त्या धाकट्या डेलकडे वळतों, कारण त्याच्या चरित्रांतील ज्या गोष्टीस आम्ही सर्वांत थोर मानतों ती अजून सांगावयाची राहिली आहे. २०१२ सालीं धडकांनीं त्याच्या मेंदूस इजा झाली, तेव्हां तो आपण होऊन वैद्याकडे गेला आणि दोन शर्यतींस मुकला. २०१६ सालीं पुन्हां तोल जाऊं लागला, दृष्टि स्थिर राहीना. गाडी सज्ज होती, लक्षावधि चाहते होते, बापाचें नांव होतें. त्यानें मोसमाच्या उरलेल्या अठराहि शर्यती सोडल्या आणि उपचार घेतले. मेल्यावर आपला मेंदू संशोधनास द्यावा असें त्यानें जाहीर केलें. २०१७ सालीं एक मोसम पुरा करून तो निवृत्त झाला, आणि पुढच्या वर्षीं आपल्या दुखण्याचें सारें वर्णन त्यानें पुस्तकांत उघडपणें लिहिलें. ज्या घराण्यांत मान जखडणारें जूं कमीपणाचें वाटे, त्या घराण्याचा मुलगा 'मला बरें नाहीं' असें साऱ्या देशासमोर म्हणाला. बापाच्या सात विजेतेपदांहून हें धैर्य आम्हांस मोठें वाटतें. आणि तें त्याच्या रक्तांत नव्हतें, तें त्यानें बापाच्या मरणापासून शिकून घेतलें होतें.

अष्टमीच्या ओटीवरील आमच्या स्नेह्यांस आम्ही एवढीच विनंति करितों. त्या पोराची हांसळी आतां जुळली असेल. यंदा तो पुन्हां गाडीवर बसणार कीं नाहीं, हें त्याच्या रक्तास विचारूं नका. त्यालाच विचारा, आणि तो 'नाहीं' म्हणाला, तर त्यास भित्रा म्हणूं नका.